चष्म्याचा नंबर चुकतो कुठे? तपासणीपासून चष्म्याची सवय होईपर्यंतचे टप्पे

नवा चष्मा आला, दोन दिवसांत डोके दुखू लागले, की सगळे खापर नंबरावर फुटते. मग दुसरीकडे तपासणी होते, नंबर जवळपास तोच निघतो आणि डोकेदुखी जिथल्या तिथे राहते. चूक अनेकदा यंत्राची नसतेच. तपासणीला जाताना कॉन्टॅक्ट लेन्स वेळेवर काढलेली नसते, ट्रायल फ्रेममध्ये (तपासणीच्या वेळी काचा बदलून पाहायचा चष्मा) अक्षर नुसते काळेभोर दिसले तरी ‘स्पष्ट दिसते’ असे सांगितले जाते, किंवा मापे घेतल्यावर फ्रेम बदलली जाते. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. मधला एखादा गाळला, तर त्याची किंमत पुढच्या टप्प्यात मोजावी लागते.

## टप्पा १: दोष कोणता, याचा अंदाज घ्या

डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात असतो) असते. त्यातला दोन तृतीयांश वाटा समोरच्या पारदर्शक कॉर्नियाचा आणि उरलेला आतल्या भिंगाचा. ही ताकद आणि डोळ्याची लांबी यांचा मेळ बसला, तर प्रतिमा बरोबर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिना) पडते. प्रौढ डोळा सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. लांबीत १ मिलिमीटरचा फरक पडला, तरी नंबर अडीच ते तीनने हलतो.

निकटदृष्टिता, म्हणजे मायनस नंबर. प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते. जवळचे नीट दिसते, लांबचे पुसट. १ ला नंबराने भागले, की चष्म्याशिवाय स्पष्ट दिसण्याची हद्द मीटरमध्ये मिळते. −२.०० असेल तर अर्धा मीटर, −४.०० असेल तर २५ सेंटिमीटर.

दूरदृष्टिता, म्हणजे प्लस नंबर. इथे सर्वांत जास्त फसगत होते. तरुण डोळा आतल्या स्नायूवर ताण देऊन भिंग फुगवतो आणि दोष झाकतो. त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते, पण संध्याकाळी कपाळ ठणकते आणि वाचताना ओळी सरकतात. ‘६/६ दिसते, म्हणजे नंबर नाही’ हे म्हणूनच खरे नव्हे.

दृष्टिवैषम्य, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर. कॉर्नियाचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसतो. अक्षराला सावली दिसते, रात्री दिव्याच्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. त्रास लांब आणि जवळ, दोन्हीकडे.

चाळिशी. भिंग वयानुसार कडक होते आणि जवळ पाहताना पुरेसे फुगत नाही. तिलाही प्लस काच लागते, पण ती दूरदृष्टिता नव्हे. दोन्ही एकाच डोळ्यात असू शकतात.

घरची पडताळणी: जाड काळ्या कागदाला १ ते दीड मिलिमीटरचे छिद्र पाडा. चष्मा असेल तर तो लावूनच, एक डोळा तळहाताने झाकून (दाबून नव्हे), छिद्रातून लांबची पाटी वाचा. अक्षरे सुधारली, तर दोष बहुधा फोकसचा आहे आणि नंबराने सुटेल. जराही सुधारली नाहीत, तर मोतीबिंदू, पडदा किंवा नस यांपैकी कशात बिघाड आहे का, हे नेत्रतज्ज्ञांनी पाहायला हवे. आधी दुकानात जाऊन काच बदलू नका.

> इशारा: एका डोळ्याची नजर अचानक जाणे, समोर पडदा सरकल्यासारखे वाटणे, एकाएकी काळे ठिपके आणि विजेसारख्या चमका दिसणे, नव्याने दोन-दोन दिसणे, किंवा डोळा लाल होऊन दुखणे व दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, हे नंबराचे काम नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

## टप्पा २: तपासणीला जाण्याआधी

कॉन्टॅक्ट लेन्स कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलते. सॉफ्ट लेन्स किमान आदल्या दिवसापासून बंद ठेवा. कडक लेन्सला जास्त दिवस लागतात, ते वेळ ठरवतानाच विचारून घ्या.

मधुमेह असेल तर अलीकडची साखर पाहा. ती चढली की आतल्या भिंगातले पाणी बदलते आणि नंबर सहसा मायनसकडे सरकतो. औषधाने साखर उतरली की तो उलटा फिरतो, आणि स्थिर व्हायला काही आठवडे जातात. मधल्या काळात केलेला चष्मा महिन्याभरात कपाटात पडतो.

तपासणी शक्यतो सकाळी, डोळे ताजे असताना ठेवा. दिवसभर स्क्रीन पाहून थकलेला स्नायू आखडलेला असू शकतो आणि नसलेला मायनस दाखवतो.

सोबत न्यायचे: वापरातले सगळे चष्मे (न आवडलेलासुद्धा), जुने कागद, चालू औषधांची यादी आणि टेपने मोजलेली दोन अंतरे. एक डोळ्यापासून पुस्तकापर्यंतचे, दुसरे डोळ्यापासून मॉनिटरपर्यंतचे. हे दुसरे अंतर सहसा कुणी विचारत नाही. जवळचा नंबर साधारण ४० सेंटिमीटर धरून काढला जातो, मॉनिटर मात्र ६५ सेंटिमीटरवर असतो. भिंगाची लवचीकता जवळपास संपलेल्या वयात पहिल्यासाठी लांबच्या नंबरात +२.५० ची भर लागते, तर दुसऱ्यासाठी सुमारे +१.५० पुरते. वाचायच्या चष्म्यातून मॉनिटर पुसट का दिसतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मुलांसाठी: मुलांच्या डोळ्यातला स्नायू इतका जोरदार असतो, की ड्रॉप्स घालून तो सैल केल्याशिवाय नंबर भरवशाचा मिळत नाही. सायक्लोपेन्टोलेटचा परिणाम साधारण दिवसभर राहतो, ॲट्रोपिनचा दहा-चौदा दिवसांपर्यंत. तेवढे दिवस बाहुली मोठी राहणार, ऊन खुपणार, जवळचे पुसट दिसणार. परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी ठेवू नका. ड्रॉप्सखाली निघालेला सगळा प्लस चष्म्यात दिलाच जातो असे नाही. बाहुली पूर्ववत झाल्यावर पुन्हा बोलावले, तर जाणे टाळू नका.

मोठ्यांच्याही बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासला जातो. त्या दिवशी गाडी स्वतः चालवत जाऊ नका.

## टप्पा ३: ट्रायल फ्रेममध्ये बसल्यावर

यंत्रात हनुवटी टेकवून मिळालेला आकडा ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. त्या चिठ्ठीवरूनच कुणी चष्मा करून देत असेल तर उठा. पुढचा क्रम असा असायला हवा:

1. एक डोळा झाकून दुसऱ्याचा मुख्य नंबर.
2. त्याच डोळ्याच्या सिलिंडरचा अक्ष (त्याची दिशा), मग सिलिंडरची ताकद.
3. मुख्य नंबर पुन्हा एकदा.
4. दुसऱ्या डोळ्याचे सगळे याच क्रमाने.
5. दोन्ही डोळे उघडे ठेवून समतोल.
6. शेवटी जवळचे वाचन, तुम्ही मोजून आणलेल्या अंतरावर.

अक्ष आधी आणि ताकद नंतर, कारण अक्ष चुकीचा असताना ताकद ठरवली तर तीही चुकते.

आता तुमची बाजू. काच बदलताना ‘ही बरी की ती?’ असे विचारतात, तेव्हा प्रश्न एकच असतो: आधी न वाचता आलेले अक्षर आता वाचता येते का? मायनस जास्त झाला की अक्षरे लहान, गडद आणि टोकदार दिसतात. तो भास असतो. वाचता येणारी ओळ बदलत नसेल, तर ‘काळे दिसते, पण वाचायला तेवढेच येते’ असे स्पष्ट सांगा. मायनस कमीत कमी आणि प्लस जास्तीत जास्त ठेवून सर्वांत चांगले दिसेल तो नंबर, हा साधा नियम आहे. तरुणांना दिलेला जादा मायनस लांबचे दाखवतो, पण स्नायूला दिवसभर राबवतो.

लाल-हिरव्या चौकटीत दोन्हीकडची अक्षरे सारखी दिसायला हवीत. हिरव्यातली जास्त ठसठशीत असतील तर मायनस जास्त झाला आहे, लालमधली असतील तर कमी पडतो आहे. सिलिंडर तपासताना एक काच उलटसुलट फिरवतात, तेव्हा दोन्ही बाजूंनी थोडे पुसट दिसणारच. ‘दोन्ही सारखेच’ हे उत्तर चुकीचे नाही. तपासणारा त्याचीच वाट पाहत असतो.

डोळे बारीक करू नका. बारीक केलेली पापणी म्हणजे टप्पा १ मधला छिद्राचा कागदच. तिच्यातून दोष लपतो आणि नंबर कमी निघतो. अंदाजाने अक्षरे सांगणेही तसेच.

पडताळणी: सिलिंडर नव्याने आला असेल किंवा अक्ष बराच बदलला असेल, तर ट्रायल फ्रेम लावून दहा मिनिटे चाला, जिना उतरा, फोन वाचा. गरगरले तर तिथेच सांगा. काच कापून झाल्यावर तेच सांगणे महागात पडते.

## टप्पा ४: कागद वाचायला शिका

उजव्या डोळ्यासमोर −२.२५ / −०.७५ × १७० असे लिहिले असेल, तर पहिला आकडा मुख्य नंबर, दुसरा सिलिंडर, तिसरा त्याचा अक्ष अंशांत. ‘ॲड’समोरचा आकडा म्हणजे जवळसाठीची भर. ती लांबच्या नंबरात मिळवायची असते: −२.२५ ला +२.०० ची भर, म्हणजे जवळसाठी −०.२५. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा.

दोन ठिकाणचे कागद वेगळे दिसले म्हणून लगेच कुणाला खोटे ठरवू नका. +१.०० / −२.०० × ९० आणि −१.०० / +२.०० × १८० ही एकच काच आहे. रूपांतर सोपे: पहिले दोन आकडे चिन्हासकट मिळवा, तो नवा मुख्य नंबर. सिलिंडरचे चिन्ह उलटवा. अक्षात ९० मिळवा, आणि बेरीज १८० च्या पुढे गेली तर त्याऐवजी ९० वजा करा.

ऑर्डर देण्यापूर्वी चिन्ह, दशांश आणि अक्ष स्वतः वाचून मिळवून पाहा. घोळ होतात ते इथे: ०.७५ चे ७.५, १७० चे १७, प्लसच्या जागी मायनस. अक्ष १० अंशांनी चुकला, तर सिलिंडरचा सुमारे एक तृतीयांश परिणाम वाया जातो. ३० अंशांनी चुकला, तर पदरात काहीच पडत नाही.

फक्त ०.२५ चा फरक निघाला आणि तक्रार काही नसली, तर नवा चष्मा करायची गरज नसते. दोन तपासण्यांत तेवढा फरक सहज येतो.

## टप्पा ५: आधी फ्रेम, मग काच

मायनस काच कडेला जाड असते, प्लस मधोमध. नंबर मोठा असेल तर मोठी फ्रेम हा सरळ तोटा. फ्रेम अशी घ्या, की बाहुली काचेच्या जवळपास मध्यभागी येईल. काच पातळ करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय लहान फ्रेम हाच आहे, फक्त तो विकता येत नाही.

साध्या प्लॅस्टिक काचेचा इंडेक्स (प्रकाश वळवण्याची क्षमता) १.५० असतो, पुढे १.६०, १.६७, १.७४ अशी पातळ होत जाते. ±२ पर्यंत १.५० पुरते, ±४ च्या पुढे १.६० किंवा १.६७ चा फरक डोळ्यांना दिसतो. मुलांसाठी, आणि ज्यांचा एकच डोळा चांगला आहे त्यांच्यासाठी, न फुटणारी पॉलिकार्बोनेट काच घ्या. तिच्यात मोठ्या नंबराला कडेने रंगांची किनार दिसू शकते, सुरक्षिततेसाठी ती सोसावी.

परावर्तन टाळणारा थर उपयोगी आहे, विशेषतः रात्री आणि जास्त इंडेक्सच्या काचेवर. निळा प्रकाश अडवणाऱ्या थराने डोळ्यांचा थकवा कमी होतो, याला भक्कम आधार नाही. तो घेतला नाही तर काही बिघडत नाही.

## टप्पा ६: मापे

दोन बाहुल्यांमधले अंतर म्हणजे पीडी, प्रौढांत बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटर. नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचे वेगळे माप घ्यायला सांगा, कारण दोन्ही बाजू क्वचितच सारख्या असतात. आरशात पाहून स्वतः पट्टीने घेतलेले माप भरवशाचे नाही.

हे माप चुकले की काच प्रिझमसारखी, म्हणजे प्रतिमा बाजूला सरकवणाऱ्या तिकोनी काचेसारखी, वागते. हिशेब असा: सरकलेले अंतर सेंटिमीटरमध्ये गुणिले नंबर. −६.०० ची काच ३ मिलिमीटर सरकली, तर ०.३ × ६ = १.८ प्रिझम. लहान नंबरात एवढी सरक खपून जाते. मोठ्या नंबरात डोळे दिवसभर ओढले जातात आणि दोष ‘नवा नंबर मानवत नाही’ या वाक्यावर जातो.

प्रोग्रेसिव्ह काचेसाठी (एकाच काचेत लांबपासून जवळपर्यंतचे नंबर) बाहुलीची उंचीही लागते. ती फ्रेम नाकावर नीट बसवून, काड्या वाकवून झाल्यावर, तुम्ही सरळ समोर पाहत असताना घ्यायची. उंची घेतल्यावर फ्रेम बदलली, तर माप नव्याने.

## टप्पा ७: चष्मा हातात आल्यावर

दुकानातच लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायचे यंत्र) काच कागदाशी ताडून घ्या. मग एकेक डोळा झाकून लांबचे वाचा. चष्मा हातभर अंतरावर धरून आरपार एखादी उभी रेघ पाहत तो आडवा सरकवा. रेघ चष्म्याच्याच दिशेने सरकली तर मायनस, उलट दिशेने सरकली तर प्लस. चष्मा चाकासारखा फिरवल्यावर रेघ तिरपी झाली, तर सिलिंडर आहे. डावी-उजवी काच बदलली गेली असेल, तर अनेकदा इथेच पकडली जाते.

सवय व्हायला एक ते दोन आठवडे द्या. सकाळी उठल्यापासून नवाच लावा. नवा-जुना आलटून पालटून वापरला, तर सवय होतच नाही. सिलिंडर नवीन असेल तर जमीन कलल्यासारखी वाटते, दाराच्या चौकटी झुकलेल्या दिसतात. हे ओसरते. दोन-दोन दिसणे, किंवा एका डोळ्याने ट्रायल फ्रेमपेक्षा पुसट दिसणे ओसरत नाही, त्यासाठी थांबू नका.

तक्रार घेऊन जाल तेव्हाचा क्रम: प्रथम फ्रेमची बसण, मग लेन्सोमीटरवर नंबर आणि अक्ष, मग पीडी व उंची, आणि हे सगळे बरोबर निघाले तरच नव्याने तपासणी. उलट क्रमाने गेलात, तर त्याच वाकड्या फ्रेममध्ये नवी काच बसते.

## टप्पा ८: चाळिशीचा चष्मा

भर वयानुसार वाढते: पंचेचाळिशीच्या सुमारास +१.२५ ते +१.५०, पन्नाशीत +२.००, साठीत +२.५० च्या आसपास. ‘पुढे लागेलच, आत्ताच जास्त द्या’ हा हिशेब अंगाशी येतो. भर जास्त झाली की पुस्तक नाकाशी धरावे लागते.

तयार मिळणाऱ्या वाचनाच्या चष्म्यात दोन्ही काचा सारख्या असतात आणि सिलिंडर नसतो. दोन डोळ्यांत फरक नसेल तर तो तात्पुरता चालतो.

प्रोग्रेसिव्हमध्ये वरून लांबचे, मधून मॉनिटर, खालून वाचन, आणि खालच्या दोन्ही कडांना पुसट पट्टे. ते काचेच्या रचनेतच असतात. बाजूचे पाहताना डोळे नव्हे, नाक वळवा. वाचताना मान न झुकवता नजर खाली न्या. जिना उतरताना मात्र हनुवटी छातीकडे, म्हणजे पायरी वरच्या भागातून दिसेल.

> तपासा: साठीनंतर अचानक चष्म्याशिवाय वाचता येऊ लागले, तर आनंद थोडा आवरा. मोतीबिंदूमुळे भिंग घट्ट होऊन मायनस वाढल्याचे ते लक्षण असते.

## टप्पा ९: मुलांचा वाढता मायनस

मुद्दाम कमी नंबर दिल्याने मायनस वाढायचा थांबत नाही. पूर्ण नंबर द्या, तपासणी दर सहा महिन्यांनी करा, आणि रोज सुमारे दोन तास मूल उघड्यावर, दिवसाच्या प्रकाशात राहील असे पाहा. वेग जास्त असेल तर कमी मात्रेचे ॲट्रोपिन ड्रॉप्स, खास रचनेच्या काचा किंवा रात्री घालायच्या कडक लेन्स यांबद्दल नेत्रतज्ज्ञांशी बोला.

एका डोळ्याचा नंबर मोठा आणि दुसऱ्याचा नगण्य असेल, तर मूल तक्रार करत नाही, चांगल्या डोळ्यावर भागवते. दुसरा डोळा आळशी होतो, आणि सात-आठ वर्षांनंतर तो सुधारणे अवघड होत जाते. म्हणून शाळेत घालण्यापूर्वी एकदा, प्रत्येक डोळा वेगळा झाकून तपासणी हवीच.

## टप्पा १०: कॉन्टॅक्ट लेन्स किंवा शस्त्रक्रिया

चष्म्याचा नंबर लेन्सला जसाच्या तसा लागत नाही. काच डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असते, लेन्स डोळ्यावरच. म्हणून ±४ च्या पुढे आकडा बदलतो: चष्म्यात −६.०० असेल तर लेन्स सुमारे −५.६०, +६.०० असेल तर सुमारे +६.५०. लेन्सला नळाचे पाणी लावू नका, ती घालून झोपू नका, डबीतले द्रावण रोज नवे घ्या आणि डबी तीन महिन्यांत बदला. डोळा लाल झाला की लेन्स आधी बाहेर.

लेसरचा विचार किमान १८ वर्षे पूर्ण झाल्यावर, आणि वर्षभरात नंबर ०.५० पेक्षा जास्त हलला नसेल तरच. कॉर्नियाच्या मापासाठी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद ठेवाव्या लागतात. कॉर्नियाची जाडी सरासरी ५४० मायक्रॉन धरली, तर लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेत उचलल्या जाणाऱ्या कॉर्नियाच्या पातळ झाकणाला साधारण ११० जातात आणि −६.०० साठी सुमारे ८०. खाली ३५० उरतात. ही उरलेली जाडी ३०० च्या खाली जात असेल, किंवा कॉर्निया शंकूसारखा फुगत असल्याची शंका असेल, तर नकार ऐकून दुसरा सर्जन शोधू नका.

लेसरने लांबचा नंबर जातो, चाळिशी टळत नाही. एक डोळा लांबसाठी आणि एक जवळसाठी ठेवण्याचा पर्याय सुचवला गेला, तर तो आधी काही आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स घालून अनुभवा. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर आणि कॉर्नियाची मापे यांचे कागद मात्र कायमचे जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू काढताना आत बसवायच्या भिंगाची ताकद ठरवायची असते, आणि लेसर झालेल्या डोळ्यात नेहमीची सूत्रे चुकतात.